शिकणाऱ्याने का लिहावे?

रविवारी मगरिबची नमाज झाली की मी एक फुलस्केप कागद घेऊन बसते. एम.ए.च्या अभ्यासासाठी आठवडाभरात जे वाचले असेल त्यातली एखादी गोष्ट त्या कागदाच्या एका बाजूवर मावेल एवढी मराठीतून लिहायची आणि सोमवारी शाळेत शिक्षकखोलीबाहेर सुविचाराच्या फळ्याशेजारी टाचणीने लावायची, हा माझा गेल्या दोन वर्षांचा परिपाठ. खाली नाव लिहीत नाही. पण आमची शाळा उर्दू माध्यमाची. तिथे मराठीत कागद लावणारे दुसरे कोण असणार?

एका रविवारी अम्मी मेथी निवडत समोर बसली होती. तिने विचारले, "ये किसके वास्ते लिखती तू? अपने वास्ते लिखती तो कॉपी में लिख के रख. दीवार पे कायको लगाती?"

मी म्हटले, सराव होतो. मग म्हटले, मुले वाचतात. मग म्हटले, वेळ चांगला जातो. अम्मीने मान हलवली आणि दुसरी जुडी पुढे ओढली. तिन्ही उत्तरे खरी होती, पण तिच्या प्रश्नाला एकही लागू पडत नव्हते. लिहितेस का, असे तिने विचारलेच नव्हते. भिंतीवर का, असे विचारले होते. जो अजून शिकतो आहे, ज्याला विषय पुरता कळलेला नाही, त्याने आपले अर्धेकच्चे चार लोकांपुढे का मांडावे? शिकून झाल्यावर लिहावे, तोवर वहीत ठेवावे, हे जास्त सभ्यपणाचे नाही का? अम्मीला तेव्हा जे उत्तर देता आले नाही ते शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

माझे सगळे शिक्षण उर्दूतून झाले. घरात आम्ही बोलतो ती नागपुरी हिंदी-उर्दू. मराठी मला दोन वाटांनी भेटली. एक शाळेतला विषय म्हणून आणि दुसरी अब्बांच्या तोंडून. अब्बा हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर होते. त्यांचे जोडीदार सगळे मराठी. पाळीवरून घरी आल्यावरही अर्धा तास तरी त्यांच्या तोंडातली मराठी जात नसे, आणि अम्मी हसून म्हणे, "अब उर्दू में आ जाओ." पुढे बी.एड. करून मी नोकरीला लागले तेव्हा मराठीचे तास कोणी घेईना म्हणून ते माझ्या गळ्यात पडले. गळ्यात पडलेली गोष्ट हळूहळू आवडू लागली. मुलांना जे शिकवते ते आपल्यालाच नीट येत नाही ही टोचणीही होती. म्हणून तिशी ओलांडल्यावर मराठी विषय घेऊन एम.ए.ला बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून नाव घातले. शनिवारी शाळा सुटली की लोकमान्यनगरहून मेट्रोने सीताबर्डी आणि तिथून ग्रंथालय. जानेवारी २०२० मध्ये ही मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून हिंगणा रोडच्या माणसाला प्रवासात पुस्तक उघडता येते. त्याआधी बसमध्ये उभे राहायला जागा मिळाली तरी शुक्र मानायचा.

सुरुवातीला मी सगळे वहीतच लिहीत असे. दोनशे पानी वही, वर तारीख, पुस्तकाचे नाव, खाली मुद्दे. मुद्द्यांच्या शेवटी 'समजले' असे लिहून त्याभोवती चौकट करायची सवय होती. 'लीळाचरित्र' वाचताना मी लिहिले होते: भाषा साधी, संवादी, प्रसंग जिवंत. चौकटीत 'समजले'. हे शब्द एका मार्गदर्शक पुस्तकातले होते. मला त्या भाषेतल्या निम्म्या ओळी कळल्या नव्हत्या. 'साधी' तर ती मला मुळीच वाटली नव्हती.

पहिला कागद मी 'लीळाचरित्रा'वर लिहायला घेतला तो केवळ एका मुलीमुळे. आठवीतल्या तिने विचारले होते, "टीचर, मराठी की सबसे पहली किताब कौनसी?" मी म्हटले, सोमवारी सांगते. रविवारी कागद पुढे घेतला आणि एक वाक्य पुढे सरकेना. लीळा म्हणजे काय? चक्रधरांच्या आठवणी गोळा करण्यासाठी म्हाइंभट इतके का फिरले? वहीत याचे उत्तर नव्हते, कारण वहीने मला तो प्रश्न कधी विचारलाच नव्हता. आठवीतली मुलगी समोर बसली आहे असे समजल्याबरोबर मला दिसले की मला काही येत नाही. त्या रात्री प्रस्तावना पहिल्यापासून पुन्हा वाचली. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या सहवासात राहिलेल्या एकेका माणसाला गाठून, विचारून, एकाच प्रसंगाच्या वेगवेगळ्या आठवणी ताडून तेराव्या शतकात हा ग्रंथ उभा केला. आपल्या इथून अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर काही फार दूर नाही. महानुभावांच्या त्या साऱ्या खटपटीचे ते केंद्र. एवढे कळायला मला मुलीची भीती वाटावी लागली.

वहीत मी स्वतःच पेपर काढत होते, स्वतःच तपासत होते आणि स्वतःलाच पास करत होते. स्वतःशी माणूस फार खोटे बोलतो. दुसऱ्याशी बोलायचे म्हटले की निदान जीभ अडखळते. माझे पहिले कारण हेच. शिकून झाल्यावर लिहायचे असते हे मला मान्य होते, पण न लिहिता आणि न दाखवता माझे शिकणेच होत नव्हते.

दुसरे कारण सुचले ते एका पेन्सिलीमुळे.

ज्यांनी उर्दूतून शिकून मराठी आत्मसात केली आहे त्यांना हे सांगायला नको. उर्दूत दोन लिंगे, मराठीत तीन. तिसरे कुठून आले आणि कोणत्या शब्दाला का चिकटले हे समजावून सांगणारा मला अजून भेटलेला नाही. आपल्या भाषेत घर पुल्लिंगी, किताब स्त्रीलिंगी, पाणी पुल्लिंगी. मराठीत ही तिन्ही नपुंसकलिंगी. आणि आपल्या लिपीत 'ळ'ला अक्षर नाही, त्यामुळे मुले 'शाळा'चे 'शाला' करतात ते वेगळेच. तर चौथ्या की पाचव्या कागदावर मी लिहून गेले, 'आमचा घर हिंगण्यात आहे.' सोमवारी मधल्या सुट्टीत पाहिले तर 'आमचा'खाली पेन्सिलीची बारीक रेघ आणि बाजूला लिहिलेले, 'आमचे'. अक्षर नववीतल्या एका मुलाचे होते. वर्गात माझ्यासमोर तोंड न उघडणारा मुलगा तो. मी विचारले तर जमिनीकडे पाहत म्हणाला, "टीचर, आप ही तो पढ़ाए थे."

मला लाज वाटली आणि आनंदही झाला. आधी लाज वाटली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

शिक्षकखोलीत यावरून चर्चा झाली. एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांचा मी मनापासून आदर करते, म्हणाले, "मॅडम, चुका घरी करा. शाळेत नको." त्यांचे म्हणणे असे की शिक्षकाचा शब्द मूल प्रमाण मानते. भिंतीवर चुकीचे लागले तर चाळीस मुले चुकीचे शिकतील आणि एकच मूल पेन्सिल काढेल. बाकीच्या एकोणचाळिसांचे काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डॉक्टर रोग्यावर शिकत नाही, मग मास्तरने मुलांवर का शिकावे?

यावर मी बरेच दिवस विचार केला आणि त्याच दिवसांत डॉ. आंबेडकरांचा विद्यार्थीदशेतला निबंध पुन्हा वाचण्यात आला. पंचविशीतले बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पदव्युत्तर विद्यार्थी होते. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींची उत्पत्ती आणि यंत्रणा या विषयावर निबंध वाचला. पुढल्या वर्षी मे महिन्यात तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापूनही आला. हा निबंध जातीच्या प्रश्नावर काय सांगतो ते वाचक जाणतातच. मला अडवले त्याच्या शेवटाने. आपण जातीविषयी एक सिद्धान्त मांडू पाहतो आहोत, पण तो टिकण्यासारखा नाही असे कोणी दाखवून दिले तर तो तितक्याच खुशीने सोडून देऊ, अशा अर्थाचे तिथे त्यांनी म्हटले आहे. ज्या मुलाला शाळेत सर्वांच्या मडक्यातले पाणी शिवू दिले नव्हते, त्याने जातीविषयी बोलताना हे म्हणावे! दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मी भोगले आहे, मला काय शिकवता. पुढेही शिक्षण पुरे होईपर्यंत ते थांबले नाहीत. लंडनचा अभ्यास अपुरा ठेवून यावे लागले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केला आणि त्याच वर्षी उरलेला अभ्यास करायला परत गेले.

बाबासाहेबांशी स्वतःची बरोबरी करायला मी काही वेडी नाही. माझी चूक 'आमचा'ची होती. पण त्या सहकाऱ्यांना द्यायचे उत्तर मला तिथे सापडले. चूक दाखवली तर सोडून देईन, हे आधीच कबूल करून जे मांडले जाते त्याने ऐकणाऱ्याचे नुकसान होत नाही. निर्विवाद म्हणून मांडलेल्या चुकीनेच ते होते. पुढच्या सोमवारपासून मी मागच्या आठवड्याचा कागदही शेजारी ठेवू लागले. मुलांनी दाखवलेल्या चुका लाल शाईने दुरुस्त केलेला. फळ्याखाली दोरीला बांधून पेन्सिलही ठेवली. सहकाऱ्यांचे समाधान झाले नाही. ते आजही म्हणतात, पेन्सिल वर्गात द्यावी, भिंतीवर नाही. पण एकदा 'पाणी आला' या माझ्या वाक्याखाली मला त्यांचीच रेघ दिसली, आणि त्याबद्दल आम्ही दोघेही काही बोललो नाही.

आता अम्मीच्या प्रश्नातला अवघड भाग. अम्मीने उच्चारला नाही, पण तिच्या मनात जो शब्द होता तो 'रिया' हा होता. दिखावा. आपल्याकडे हा साधा दोष समजला जात नाही. कयामतच्या दिवशी ज्यांचा निवाडा सर्वांत आधी होईल त्यांत एक तो असेल ज्याने लोकांनी आलिम म्हणावे म्हणून इल्म मिळवला, ही हदीस आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दान उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, मग शिकणे भिंतीवर कसे लावायचे?

इथे मी सुटून जाऊ शकत नाही. सोमवारी मधल्या सुट्टीत चहाचा कप घेऊन मी मुद्दाम व्हरांड्यात उभी राहते. कोण थांबते, किती वेळ थांबते, वाचून मान हलवते की तसेच पुढे जाते, हे तिरप्या नजरेने पाहते. कोणीच थांबले नाही त्या दिवशी दुपारचे तास नीट होत नाहीत. एकदा केंद्रप्रमुख शाळेला भेट द्यायला येणार होते, तर त्या रविवारचा कागद मी तीनदा लिहिला. हे शिकण्यासाठी होते असे मी म्हटले तर अल्लाह जाणतो की ते खोटे आहे.

इमाम गझाली बगदादच्या निझामिया मदरशात शिकवत असत. सारे जग त्यांना ऐकायला येई. त्यांनी स्वतःची नियत तपासली आणि त्यांना आढळले की आपण शिकवतो ते खुदासाठी नाही, नावासाठी आहे. त्यांची वाचा बसली, अन्न गिळेना. इ.स. १०९५ मध्ये ते बगदाद सोडून निघून गेले. ही गोष्ट आमच्या वाअजमध्ये वारंवार सांगितली जाते, पण इथेच संपवली जाते. सुमारे अकरा वर्षांनी, ११०६ मध्ये, गझाली पुन्हा शिकवू लागले, निशापूरच्या मदरशात. परतताना आपली नियत आता बदलली आहे असे ते म्हणतात, पण हेतू साधेलच अशी ग्वाही त्यांनी दिलेली नाही. स्वतःला आणि इतरांना सुधारावे असे वाटते, ते साधेल की अर्ध्यावर राहील ठाऊक नाही, असाच त्यांचा सूर आहे. नियत शुद्ध होईपर्यंत थांबायचे ठरवले असते तर ते निशापूरला कधी गेलेच नसते. मला वाटते, रियाचा इलाज गप्प बसण्यात नाही. गप्प बसलेल्याला आपल्या गप्प बसण्याचाही अभिमान होऊ शकतो.

अब्बांची एक डायरी होती. एलआयसीची, दर वर्षी नवी. त्यांच्या इंतकालनंतर अम्मीने त्या सगळ्या डायऱ्या माझ्याकडे दिल्या. उर्दूत, रोज एक ओळ. पाळी कोणती, खर्च किती, पाऊस आला की नाही. वेणा नदीला पूर आला त्या दिवशी, 'पूल बंद, पैदल.' माझा बी.एड.चा निकाल लागला ती तारीख मी शोधून काढली. लिहिले होते, 'पेढे पाव किलो, ७० रुपये.' बस. त्या दिवशी ते साऱ्या मोहल्ल्यात सांगत फिरले होते हे मला आठवते, पण डायरीत सत्तर रुपये. ही खरी रियामुक्त लिखावट. ती कोणासाठीच नव्हती. मी ती वाचली हाही कदाचित गुन्हाच. पण मुलगी म्हणून मला वाटते, ती कोणासाठी तरी असती तर अब्बांनी दोन शब्द जास्त लिहिले असते.

याच्या उलट टोकाला मौलाना आझाद. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडून त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. आज त्या शहराचे नाव अहिल्यानगर आहे. तिथून त्यांनी आपले मित्र नवाब सद्र यार जंग हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रांमागून पत्रे लिहिली. पहाटेचा चहा, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्या, संगीत, आणि एप्रिल १९४३ मध्ये दूर कलकत्त्याला पत्नी गेली ते दुःख. पत्रे पाठवता येणार नाहीत हे लिहितानाच ठाऊक होते. १९४६ मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावाने ती छापली गेली. ही पत्रे नाहीतच, पत्राच्या वेषातले निबंध आहेत, असे म्हणणारे समीक्षक आहेत. असतील. पण मला कुतूहल वेगळे आहे. पोस्टात पडणार नव्हतीच, तर डायरी का लिहिली नाही? समोर एक मित्र आहे, तो चहाचा शौकीन आहे, तो हसेल, तो अमुक ठिकाणी आक्षेप घेईल, असे मानल्याशिवाय त्या माणसाची लेखणी चालत नव्हती. टपाल बंद असले तरी वाचक हवा होता. अम्मीला मी हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "वो तो मौलाना थे." तेही खरेच.

इथवर मी माझ्या बाजूनेच बोलत आले. माझी चूक, माझी लाज, माझी नियत. भिंतीवर लावल्याने काही बिघडले तर माझेच बिघडणार, अशी माझी समजूत होती. एकेचाळिसाव्या कागदाने ती मोडली.

त्या आठवड्यात मी मुक्ता साळवे यांचा निबंध वाचला होता. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली ही चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. विद्यार्थिनीने शाळेत असतानाच लोकांपुढे लिहिले! वेद ज्यांचे त्यांचे, मग आमचा धर्म कोणता, असे ती थेट देवाला विचारते. आपल्या समाजातल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसते, हे ती लिहिते. मी भारावून गेले. कागदाच्या शेवटी मी लिहिले की आजही अशा मुली आपल्या वर्गात असतात, आणि एका मुलीचे उदाहरण दिले. नववीतली, दुसऱ्या बाकावर बसणारी, अक्षर मोत्यासारखे. वडिलांचे काम सुटले, आई पॅकिंगच्या कामाला जाऊ लागली, दोन लहान भावांना सांभाळायला घरी कोणी नाही म्हणून रमजानपासून शाळेत येत नाही. नाव घातले नव्हते. नाव न घालणे म्हणजे काळजी घेणे असे मी समजत होते. पाचशे उंबरठ्यांच्या वस्तीत दुसऱ्या बाकावरची मुलगी कोण हे कोणाला कळणार नव्हते?

कागद सगळ्यांना आवडला. ज्येष्ठ सहकारीसुद्धा म्हणाले, "हे चांगले आहे." एका शिक्षिकेचे डोळे भरून आले. मी व्हरांड्यात चहा घेऊन उभी होते.

गुरुवारी तिची आई आली. पाळीवर जाण्याआधी, डोक्यावर ओढणी घट्ट घेतलेली. बसली नाही. म्हणाली, "बाजी, झूठ तो नहीं लिखे आप. पर हमसे पूछना तो था." तिच्या नवऱ्याला कोणीतरी रस्त्यात विचारले होते, काय हो, घर चालत नाही म्हणे. तो दोन दिवस बाहेर पडला नव्हता. मी काहीतरी बोलले, तुमच्या मुलीसाठीच लिहिले वगैरे. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मेरी पाली का टाइम हो गया," आणि गेली. मी कागद काढून घेतला.

पुढचे तीन रविवार मी लिहिले नाही. मुक्ता साळवेच्या निबंधावरून हात उचलला आणि त्याखाली मी जे लिहिले त्यातला फरक मला दिसला नव्हता. मुक्ताने आपले लिहिले. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नाही हे लिहिणारी मुलगी त्याच वस्तीतली होती. मी मात्र पगार घेऊन, मेट्रोने ग्रंथालयात जाऊन, दुसऱ्याच्या घरातले दुःख माझ्या निबंधाच्या शेवटी शोभेसाठी लावले होते. रिया शोधत मी माझ्याच मनात फिरत राहिले. ती सापडली दुसऱ्याच्या अंगणात. आणि ज्या म्हाइंभटांवर मी पहिला कागद लिहिला, ते एकेका साक्षीदाराकडे पायी गेले होते. मला तिसऱ्या गल्लीपर्यंत जाता आले नाही.

आपल्या मुस्लिम मराठी लेखनाला हा प्रश्न नवा नाही. घरचे उणे चव्हाट्यावर का मांडता, असे आपल्या प्रत्येक लिहित्या माणसाला ऐकावे लागले आहे. त्याला आपण योग्य तेच उत्तर देत आलो, की उणे लपवून ते बुजत नाही. मीही तेच म्हणेन. पण 'लिहू नका' असे सांगणारे दोन प्रकारचे असतात हे मला त्या गुरुवारी कळले. एक तो, ज्याचा अन्याय उघडा पडणार असतो. त्याचे ऐकू नये. दुसरा तो, ज्याचे दुःख उघडे पडणार असते. दोघांची वाक्ये जवळपास सारखीच असतात. आपण घाईत दोघांना एकाच गाठोड्यात बांधतो. हमीद दलवाईंच्या सगळ्या मतांशी सहमत असण्याची गरज नाही, पण १८ एप्रिल १९६६ रोजी तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत जो मोर्चा निघाला, त्यात सात मुस्लिम स्त्रिया स्वतः चालत होत्या. सातच होत्या, आणि त्यांचे चेहरे त्यांचे होते.

आता मी विचारते. पण तेवढ्याने मी निर्धास्त नाही. शिक्षिकेने घरी येऊन विचारले, तर 'नाही' म्हणण्याची कोणत्या आईला मोकळीक असते? मूल तर तिच्याच वर्गात बसायचे आहे. म्हणून विचारूनही बऱ्याचदा मी लिहीत नाही. माझ्या वहीत, हो, वही मी पुन्हा सुरू केली आहे, काही पाने अशी आहेत जी भिंतीवर कधी जाणार नाहीत. भिंतीवर जाते ते माझे अज्ञान. त्यावर माझा पूर्ण हक्क आहे आणि त्याचा साठाही पुष्कळ आहे.

त्या मुलीच्या घरी मी दोन महिन्यांनी गेले. उशीरच झाला होता. सतरा नंबरचा फॉर्म भरून पुढे बाहेरून दहावीला बसता येते, हे सांगायला. आई कामावर होती. वडील बाहेर खाटेवर बसले होते. त्यांनी सलाम घेतला आणि खाटेवरून उठून मला जागा दिली. मी माफी मागितली. ते म्हणाले, "हो गया वो. चाय पियो." मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन आतून आली. फॉर्मचे सगळे ऐकून घेतले. मग हळूच विचारले, "टीचर, वो काग़ज़ आपके पास है?"

तो माझ्या पर्समध्येच होता, चार घड्या घातलेला. तिने भावाला खाली ठेवले, कागद दारातल्या उजेडात धरला आणि सावकाश वाचला. मग माझ्याकडे पेन मागितले. 'दुसऱ्या बाकावर' यातले 'दुसऱ्या' खोडून तिने वर 'पहिल्या' लिहिले. तिथेच खाली आणखी एका शब्दावर रेघ मारली. मी 'छप्पर'ला पुल्लिंग लावले होते. कागद तिने परत दिला नाही. घडी घालून आत नेऊन ठेवला.